माझ्या माहितीचं कोण लोणचं घालणार?

डिजिटल गोपनीयतेचा विषय निघाला की यवतमाळात एक उत्तर ठरलेलं आहे. बँकेतून निवृत्त झालेले काका ते देतात, तहसीलच्या आवारात टेबल टाकून बसणारा अर्जनवीस देतो, आणि अलीकडं इंजिनिअरिंग केलेली पोरंही देतात : "आपल्यासारख्याच्या माहितीचं कोण लोणचं घालणार?" आर्णी-घाटंजीकडच्या गावात हेच जरा मोकळं होऊन येतं. "लपवाले हाय तरी काय भाऊ? कर्ज किती हाय ते त साऱ्या गावाले मालूम हाय." मग सगळे हसतात, चहा येतो आणि विषय मिटतो. तो असा हसण्यावारी मिटवणं आता परवडणारं नाही. या उत्तरात धरून चाललेली जवळपास प्रत्येक गोष्ट चुकीची आहे, आणि त्याचा पुरावा शोधायला जिल्ह्याबाहेर जावं लागत नाही.

पुरावा म्हणजे शेंदुरसनी. आर्णी तालुक्यातलं, दीड हजाराच्या आसपास वस्तीचं गाव. २०२५ च्या सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात जन्म-मृत्यू नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर या ग्रामपंचायतीच्या नावानं २७ हजारांहून अधिक जन्म नोंदले गेले. भागाकार करून पाहा. काठी टेकत चालणाऱ्या आजोबांपासून पाळण्यातल्या लेकरापर्यंत दर माणशी अठरा बाळं, तीही एका तिमाहीत. एवढ्या बाळंतिणींना डिंकाचे लाडू करायचे म्हटलं तर मेळघाटातला डिंक पुरला नसता. दिवसाला सरासरी तीनशे जन्म होत होते आणि पोर्टल निमूटपणे प्रमाणपत्रं काढत होतं. अशा गावात वर्षाकाठी पंचवीसेक पाळणे हलत असतील. प्रोग्रामिंग शिकणाऱ्याला पहिल्या आठवड्यात 'जर असं असेल तर तसं कर' ही ओळ लिहायला शिकवतात. एवढ्या मोठ्या यंत्रणेत तेवढी एक ओळ कुणाला सुचली नाही : एका गावात एका दिवसात पन्नासवर जन्म झाले तर थांब आणि कुणाला तरी विचार.

पुढं गुन्हा दाखल झाला, विशेष तपास पथक नेमलं गेलं, संशय सायबर गुन्ह्याचा निघाला. तपास तपासाच्या जागी चालू दे. पुढाऱ्यांनी चर्चा घुसखोरांकडं नेली, त्यांना ती तिकडंच हवी होती. मला विचारायचंय ते एवढंच की शेंदुरसनीचं चोरीला काय गेलं? गावातल्या कुणाचं गुपित फुटलं नाही. कुणाचं कर्ज, कुणाचा आजार, कुणाच्या घरातलं भांडण, काहीही बाहेर आलं नाही. 'लपवाले हाय काय' या कसोटीवर गावाचं शून्य रुपयांचं नुकसान झालं. गेला तो गावाचा शिक्का. 'हा माणूस आमच्या गावात जन्मला' असं सांगण्याचा जो अधिकार फक्त त्या ग्रामपंचायतीला होता, तो कुणीतरी कुठंतरी बसून वापरला. आणि २०२३ च्या कायदादुरुस्तीनं याच जन्मदाखल्याचं वजन वाढवून ठेवलं आहे. शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत पुढच्या सगळ्या कुलपांची ती पहिली किल्ली.

लोणचंवाल्यांची गफलत नेमकी इथं आहे. त्यांना वाटतं गोपनीयता म्हणजे पडदा, आणि ज्याच्या घरात झाकण्यासारखं काही नाही त्याला पडदा कशाला? पण प्रश्न कोण बघतंय याचा फारसा नसतोच. तुमच्या नावानं कोण वागू शकतो, याचा असतो.

वऱ्हाडातल्या माणसाला हे समजायला जड जावं याचं मला खरंच नवल वाटतं. कोऱ्या स्टॅम्प पेपरवर अंगठा ही काय चीज असते, ते आपल्या आज्यापणज्यांनी अनुभवलेलं आहे. कागद कोरा. त्यात लपवण्यासारखं एक अक्षर नाही. तरी सावकाराच्या ओसरीवर तो अंगठा देऊन आलेल्या बापाला रात्री झोप लागत नसे, कारण त्या अंगठ्याच्या वर पुढं काय लिहिलं जाईल हे त्याच्या हातात राहिलेलं नसे. चार हजारांच्या उचलीसाठी दिलेला अंगठा दोन वर्षांनी खरेदीखताखाली सापडायचा आणि वावर जायचं. महाराष्ट्रात सावकारीचं नियमन करणारा २०१४ चा कायदा अशाच व्यवहारांची चौकशी करून जमीन परत देण्याची सोय करतो. तेव्हा कुणी म्हटलं नाही की, "अंगठ्यात काय लपवायचंय?"

आता अंगठा यंत्रावर देतात, एवढाच फरक. २०२३ मध्ये हरियाणात आणि बंगळुरूत जे उघड झालं ते वाचून अंगावर काटा यायला हवा होता. जमीन-नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळांवरून खरेदीखतं उतरवून घ्यायची, त्यांवरचे अंगठ्याचे ठसे आणि आधार क्रमांक उचलायचे, ठशाची रबरी नक्कल करायची आणि गावोगावच्या अंगठ्यावर पैसे देणाऱ्या सेवेतून दुसऱ्याच्या खात्यातली रक्कम काढायची. ओटीपी लागत नाही, पिन लागत नाही. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. अंगठा फुटला तर नवा कुठून आणणार?

या मुद्द्यावर प्रतिपक्षाकडून एक मातब्बर साक्षीदार नेहमी पुढं केला जातो, म्हणून त्यांचाही समाचार घेतो. २०१८ च्या जुलैत ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, तत्कालीन अध्यक्ष आर. एस. शर्मा यांनी स्वतःचा आधार क्रमांक जाहीर केला आणि आव्हान दिलं, माझं काय बिघडवता ते बघू. थोड्याच वेळात लोकांनी त्यांचा मोबाइल क्रमांक, जन्मतारीख, पत्ता असं बरंच काही शोधून मांडलं. काही खोडकर पोरांनी तर त्यांच्या खात्यात एकेक रुपया जमा करून टाकला. संगणकवाल्यांच्या विनोदाचा हा उत्तम नमुना : घर फोडता येतं हे दाखवण्यासाठी आत शिरून टेबलावर रुपया ठेवून यायचं. शर्मा साहेब आजही म्हणू शकतील की माझं काहीच बिघडलं नाही. खरं आहे. पण ते ट्रायचे अध्यक्ष होते. त्यांच्या खात्यातून हजार रुपये गेले असते तर बँकेचा मॅनेजर घरी आला असता. झरी जामणीच्या पोडावरच्या कोलाम बाईच्या खात्यातून हजार रुपये गेले तर तिला त्या मॅनेजरच्या केबिनबाहेर अर्धा दिवस उभं राहावं लागतं, त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि शेवटी उत्तर मिळतं, "अंगठा तुमचाच आहे, मावशी." नुकसान भरून काढायची ताकद ज्याच्यापाशी आहे, त्यानंच 'घाबरायचं काय' म्हणावं, यात कसलं आलंय शौर्य?

हा श्रीमंत-गरीब भेद काही मी उकरून काढलेला नाही. न्या. पुट्टास्वामी खटल्यात २०१७ साली केंद्र सरकारच्या बाजूनं मांडला गेलेला एक मुद्दा हाच होता : गोपनीयता हे वरच्या वर्गाचं कौतुक, गरिबाला आधी अन्न आणि निवारा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमतानं गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवला, आणि गरिबांना फक्त पोटाशी मतलब असतो ही मांडणी धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात साफ नाकारली. त्याच निकालपत्रात त्यांनी आपले वडील यशवंतराव चंद्रचूड ज्या बहुमतात होते तो आणीबाणीतला निकालही चुकीचा ठरवला. एवढं सगळं झालं. तरी आमचे काका टपरीवर अजून केंद्र सरकारची २०१७ ची बाजू लढवतात, तीही फुकट.

आता जरा 'ऑनलाइनवाल्या'कडं येऊ, कारण जिल्ह्याची खरी गोपनीयता दिल्लीत नाही, त्याच्या दुकानात आहे.

तालुक्याच्या गावी बसस्टँडजवळ आठ बाय दहाचा गाळा. पुढं झेरॉक्स मशीन, मागं एक कॉम्प्युटर, भिंतीवर दरपत्रक. सात-बारा, उत्पन्नाचा दाखला, शेतकरी ओळख क्रमांक, पीकविमा, लाडकी बहीण, सगळं इथंच. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून ई-पीक पाहणी आली, १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांना शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला, आणि त्याच वर्षीच्या हंगामात सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, कापूस घालायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी लागली. दरवेळी आधार, दरवेळी ओटीपी, दरवेळी तोच गाळा. कॉम्प्युटरवरचं 'डाउनलोड्स' उघडून पाहा. शेकडो ई-आधारच्या पीडीएफ एकाखाली एक, मग 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर २', 'विमा फायनल', 'विमा फायनल खरा'. त्या पीडीएफला कुलूप असतं, नाही असं नाही. पासवर्ड काय? नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. म्हणजे ज्या गावात सगळ्यांना सगळ्यांची नावं आणि कोण कोणापेक्षा किती मोठा ते तोंडपाठ असतं, तिथं किल्ली कुलपालाच लटकवून ठेवलेली.

बरं, या पोराला मी दोष देणार नाही. उलट त्याची बाजू अगोदर मांडतो, कारण लोणचंवाल्यांच्या भात्यातला सगळ्यात चांगला बाण तोच आहे. बाई येते, म्हणते, "दादा, मागच्या वर्षी तुमच्या मोबाइलवर पाठवलं होतं पासबुक, पाहा बरं सापडते का." दादा व्हॉट्सॲपमध्ये वर वर सरकत जातो आणि पासबुक सापडतं. पुरात कागद गेले, उंदरानं खाल्ले, नवऱ्यानं रागात फाडले, तरी दादाच्या फोनमध्ये सगळं शाबूत. जिल्ह्यातली सगळ्यात भरवशाची बॅकअप यंत्रणा कुठल्या डेटा सेंटरमध्ये नसून त्याच्या पँटच्या खिशात आहे. डिजिलॉकर २०१५ पासून आहे, पण ते उघडायला आधारला जोडलेला मोबाइल चालू असावा लागतो. आणि रिचार्ज संपून तीनेक महिने सिम पडून राहिलं की नंबर बंद होतो, पुढं तो दुसऱ्याच कुणाला मिळतो. मग त्या बाईचा ओटीपी कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या खिशात वाजतो. अशा वेळी दादाचा फोन डिजिलॉकरपेक्षा भारी वाटला तर तिचं काय चुकलं?

तिचं काही चुकलेलं नाही. पण या व्यवस्थेतला भरवसा माणसाचा आहे, आणि सरकारनं त्यावर घर बांधून घेतलंय, पैसे न मोजता. दादानं फोन बदलला, जुना विकला. कॉम्प्युटर बिघडला, हार्डडिस्कसकट यवतमाळला दुरुस्तीला गेला. फायली डिलीट केल्या असतीलही. पण डिलीट केलेली फाइल साधारणपणे जागच्या जागीच असते, फक्त यादीतून तिचं नाव जातं. ती परत मिळवायची सॉफ्टवेअरं फुकट मिळतात. दादाच्या फोनमधले फोटो आपोआप त्याच्या खासगी गुगल खात्यात चढतात हे त्यालाही ठाऊक नसतं. 'क्लाऊड म्हणजे दुसऱ्याचा कॉम्प्युटर' हा संगणकवाल्यांचा जुना टी-शर्टावरचा विनोद. आमच्याकडं तो अर्धवटच लागू पडतो. आमच्याकडं आधी दादाचा कॉम्प्युटर, मग दुसऱ्याचा.

आणि सरकारला हे कळत नाही असंही नाही. आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयानं मे २०२२ मध्ये एक सूचना काढली होती : आधारची झेरॉक्स कुणालाही देत सुटू नका, सार्वजनिक कॉम्प्युटरवर ई-आधार उतरवू नका, उतरवलंच तर पुसून टाका. शहाणपणाची सूचना. दोन दिवसांत ती मागं घेतली गेली, लोक गैरसमज करून घेतील म्हणून. कसला गैरसमज ते मला अजून उमगलेलं नाही. बहुधा योग्य समजालाच गैरसमज म्हणत असावेत.

साठवणुकीबद्दल एक गोष्ट जाता जाता. आपल्याकडं जे पुसायला हवं ते पुसलं जात नाही, आणि जे जपायला हवं ते उघडत नाही. वीस वर्षांपूर्वीच्या श्रीलिपी किंवा कृतिदेवमधल्या मराठी फायली आज नव्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. कंस, टक्केवारी, इंग्रजी अक्षरांचा पाऊस. अमेरिकेच्या गुप्तहेरांनाही फोडता येणार नाही असं एन्क्रिप्शन आमच्या कार्यालयांनी नकळत करून ठेवलंय. ग्रामपंचायतींचे ठराव, संस्थांची इतिवृत्तं, साहित्य संमेलनांच्या स्मरणिकांचे मजकूर, सगळं त्यात. युनिकोडमध्ये बदलून घ्यायला मोठं काम लागत नाही. पण त्यासाठी कुठं ओटीपी येत नाही, त्यामुळं ते काम कुणालाच दिसत नाही.

पुण्या-मुंबईच्या तंत्रज्ञ मित्रांशीही माझं भांडण आहे, ते इथंच उरकतो. त्यांचा सल्ला ठरलेला : पासवर्ड मॅनेजर वापरा, दुहेरी पडताळणी लावा, स्वतःचा सर्व्हर उभा करा. जगात १० प्रकारचे लोक असतात, द्विमान अंक कळणारे आणि न कळणारे, या विनोदावर अजून खिदळणारी ही मंडळी. तिसरा प्रकार त्यांच्या हिशेबात कधी येतच नाही : घरात एक फोन, तो पोराकडं, पोरगा पुण्याला कंपनीत. कापूस वेचून वेचून बोंडाच्या टोकांनी बोटांची सालं निघालेल्या बाईचा ठसा यंत्र ओळखत नाही, तिला दुहेरी पडताळणी कुठल्या तोंडानं सांगायची? या मंडळींच्या सल्ल्यानं गोपनीयता पुन्हा शौकिनांची वस्तू होऊन बसते आणि लोणचंवाल्या काकांचंच फावतं.

काकांचा शेवटचा बचाव असतो सोयीचा. माहिती दिली म्हणून तर खात्यात पैसे येतात ना? येतात, आणि यावेतच. पण माहिती घेणाऱ्यानं माणूस पाहून चौकट आखायची की चौकटीत माणूस कोंबायचा? लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी २०२५ च्या सप्टेंबरात सुरू झाली तेव्हा बाईच्या आधारसोबत नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवर येणारा ओटीपीही मागितला गेला. यवतमाळात बसून हा अर्ज कुणी तयार केला नव्हता हे उघड आहे. ज्या जिल्ह्यात कर्जापायी गेलेल्या शेतकऱ्यांच्या विधवा गावोगाव आहेत, तिथं स्क्रीनवर येतं : पतीचा आधार क्रमांक टाका, ओटीपी टाका. नवरा गेला, बापही गेला, ओटीपी कुणाकडून आणायचा? ओरड झाल्यावर अशा बहिणींसाठी वेगळी सोय करावी लागली, मुदत वाढवावी लागली. आणि मुळात बाईच्या हक्काच्या दीड हजारांसाठी तिच्या नवऱ्याच्या फोनची घंटी का वाजावी, हा प्रश्न तर कुणी नीट विचारलाच नाही. नवऱ्यापासून लपवून चार पैसे गाठीला बांधणाऱ्या बाईला लपवण्यासारखं काही नसतं म्हणता? काका, जरा काकूंना विचारून या.

कायदा आहे. वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला आणखी दीड वर्षाची सवलत दिली गेली. अनुदान-लाभाच्या कामात सरकारला संमतीतून सूटही बरीच आहे. त्या कायद्याची वाट बघत बसायची माझी तयारी नाही, कारण जिल्हा पातळीवर करता येण्याजोगं बरंच आहे. सेवा केंद्रात दरपत्रक लावणं बंधनकारक आहे, तर त्याच्या शेजारी दुसरा फलक लागावा : काम झाल्यावर तुमच्या फायली तुमच्यादेखत पुसल्या जातील, झेरॉक्सवर ती कशासाठी दिली ते लिहून घ्या, आधारचे पहिले आठ अंक झाकलेली प्रत चालेल. अंगठा आधारच्या ॲपमधून कुलूपबंद करता येतो आणि गरजेपुरता उघडता येतो, हे दादानं प्रत्येक गिऱ्हाइकाला करून द्यावं, आणि त्या कामाचे वीस रुपये त्याला सरकारनं द्यावेत. ते फुकटात करून घेऊ नये.

रांग लांबेल, असं तहसीलमधले साहेब म्हणतील. लांबेल. दर माणसामागं दोन मिनिटं जातील. पीकविम्याच्या शेवटच्या तारखेला सर्व्हर बसल्यावर माणसं दिवस-दिवस उभी असतात, तेव्हा रांगेची एवढी काळजी कुणी केल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

ग्रामपंचायतीच्या लॉगिनचं तर त्याहून सोपं आहे. येत्या ग्रामसभेत रस्ता-नाली-घरकुलाच्या आधी एकानं उठून विचारावं : आपल्या गावाच्या नावानं जन्म-मृत्यूची नोंद करणारा आयडी कुणाकडं आहे, त्याचा ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो, तो माणूस बदलून गेला तेव्हा नंबर बदलला का, आणि गेल्या तीन महिन्यांत किती नोंदी झाल्या. नोंदींचा आकडा मोठ्यानं वाचून दाखवायला सांगावा. गावात किती बारशी झाली ते सभेत बसलेल्या प्रत्येक बाईला माहीत असतं.